पांढऱ्या कागदाआडचे देव

फोन मधू भावजींचा होता, पुण्याच्या दवाखान्यातून. मी कणीक मळत होते. हात तसेच भरलेले, म्हणून रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “वहिनी, घरात पांढरा कागद हाय का?” ...एवढंच. गेली म्हणाले नाहीत, संपलं म्हणाले नाहीत. मी “हाय” म्हणाले, फोन ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. कणकेचे हात डोळ्यांना लावता येईनात आणि डोळे तर काही केल्या थांबेनात. पांढरा कागद कशाला लागतो, हे आमच्या घरात तिघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक आता गेली होती.

युकिको माझी धाकटी जाऊ. जपानची. आमच्या शिनोलीत तिला सगळे युकीच म्हणायचे, आणि पुढंपुढं तर नव्या माणसाला ती परदेशी आहे हे सांगायचंही आम्ही विसरून जायचो. समोरचा आ वासून बघायला लागला की मग लक्षात यायचं. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला ती जुन्नरची लेणी बघायला आली होती, कॉलेजच्या कसल्याशा अभ्यासासाठी. जुन्नरात खोली घेऊन राहिली आणि एक जुनी मोपेड घेतली. ती मोपेड आठवड्यातून एकदा तरी बंद पडायची. आमचे मधू भावजी तेव्हा आळेफाट्याच्या एका गॅरेजात कामाला. मोपेड टेम्पोत घालून ती तिथं यायची, भावजी दुरुस्त करून द्यायचे. पुढं लग्न ठरल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, “मध्या, एवढी कशी रे ती गाडी सारखी बिघडायची?” तर भावजी कानापर्यंत लाल झाले. तेव्हा कळलं आम्हाला काय ते!

जपानची म्हणजे बुद्धाचीच असणार, असं गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी तर तिला बुद्धाची तसबीर भेट दिली. तिनं ती वाकून घेतली, भिंतीवर लावली. पण तिचे स्वतःचे देव वेगळे. शिंतो म्हणतात त्याला. तिचे वडील त्यांच्या गावातल्या देवळाचे पुजारी होते, डोंगराच्या पायथ्याशी देऊळ, पुढं लाल कमान, फोटो दाखवायची ती. मी विचारलं, “देव कुठला गं तुमचा?” तर म्हणाली, “लई देव हायत, ताई. डोंगर देव, धबधबा देव, झाड देव... तांदूळ पण.” मराठी ती माझ्याकडं आणि आत्याबाईंकडं शिकली. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. मी शाळामास्तरीण, मी पुस्तकातलं शिकवायला जायची आणि ती नेमकं आत्याबाईंचं उचलायची.

लग्न होऊन आल्यावर महिनाभरात तिनं सुताराकडून एक फळी करून घेतली आणि फळीवर ठेवायला एक लाकडी घर, बाहुलीच्या घराएवढं, पुढं दोन इवली दारं. सुतारानं हौसेनं चकचकीत पॉलिश मारून आणलं तर हिचा चेहरा पडला. परत रंधा मारायला लावला. “झाडाचा वास राहू दे,” म्हणाली. पुढच्या खोलीत, डोक्याच्या वर हात पुरेल एवढ्या उंचीवर ती फळी लागली. आत मूर्ती नाही, काही नाही. वडिलांनी देवळातून पाठवलेली देवाच्या नावाची लाकडी पट्टी, कागदात गुंडाळलेली, तीही कुणी उघडून बघायची नाही. रोज सकाळी आंघोळ करून ती पुढं पाणी, तांदूळ आणि मीठ ठेवायची, बाजूला जांभळीची हिरवी डहाळी. दोनदा कमरेतून वाकायची. दोन टाळ्या वाजवायची. मग हात जोडून उभी राहायची आणि शेवटी पुन्हा एकदा वाकायची. झाली पूजा! त्या दोन टाळ्या अशा खणखणीत असायच्या की मागच्या गोठ्यात ऐकू जायच्या. आणि त्या ऐकल्या की भावजी चहा ठेवायचे. घरातल्या पुरुषानं सकाळचा चहा ठेवायचा हे आमच्याकडं कुणी पाहिलेलं नव्हतं. पण भावजींनी ते पहिल्या दिवसापासून धरलं ते धरलंच. एक दुधाचा स्वतःला आणि एक कोरा, बिनसाखरेचा, तिला.

आत्याबाईंचं मात्र त्या मिठावरून डोकं फिरलं. नैवेद्याच्या पानात आम्ही मीठ वाढत नाही, आणि ही तर वाटीभर मीठ रोज देवापुढं ठेवतेय! “अगं, देवाला मीठ कुणी दावतं का? आन् टाळ्या काय वाजवतीस, देव काय बहिरं हायत व्हय तुझं?” युकी जरा विचार करून म्हणाली, “आत्याबाई, तुमी घंटी वाजवता.” मला हसू आवरेना. आत्याबाई माझ्यावरच डाफरल्या. पण त्या पोरीच्या एका गोष्टीपुढं त्यांचं काही चालेना. ती फळीपुढं उभं राहायच्या आधी डावा हात धुवायची, मग उजवा, मग चूळ भरायची, आणि हे केल्याशिवाय तिनं कधी मान वर करून देवाकडं पाहिलं नाही. आत्याबाईंचा जन्म आम्हाला ‘हातपाय धुवून आत या’ म्हणण्यात गेलेला. एक दिवस मला हळूच म्हणाल्या, “मीठ सोड, पण पोरगी सोवळ्याची हाय बरं का.” आणि त्या वर्षी खंडेनवमीला आत्याबाई, मी आणि युकी आळेफाट्याच्या गॅरेजात गेलो. तिथं पान्यांना, जॅकला, हवेच्या पंपाला झेंडूचे हार घातलेले. युकी बघतच राहिली. “लोखंडाला पण?” म्हणाली. डोळे भरून आले तिचे. मग भर गॅरेजात पान्यांपुढं दोनदा वाकली आणि दोन टाळ्या ठोकल्या. बाकीच्या मेकॅनिकांना वाटलं असंच असतं, त्यांनीही ठोकल्या. भावजी कुठं तोंड लपवू असं करत होते, आणि आत्याबाई हसून हसून बेजार.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक राई आहे. देवाची. शेंदूर लावलेला दगड, बाकी सगळी जुनी झाडं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. मी तिला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा ती कडेलाच थबकली, आत यायला तयार होईना, ओढ्यावर जाऊन हात धुवून आली. परत येताना सारखी मागं वळून बघत होती. मला वाटलं, घाबरली का काय. घरी आल्यावर म्हणाली, “ताई, मला वाटलं मी लई लांब आले. लांब न्हाई आले.” मी मेली तेव्हा हसण्यावारी नेलं ते. आता रोज आठवतंय.

भात झोडून झाल्यावर त्या वर्षी तिनं पेंढ्याचा एक जाड दोर वळला. कशाला म्हणून विचारलं तर हसली नुसती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शांताकाकू बोंबलतच आल्या. राईतल्या सगळ्यात मोठ्या बेहड्याला कुणीतरी दोर बांधलाय, दोराला नागमोडी कापलेले पांढरे कागद लोंबतायत... आणि दोराचा पीळ उलटा! त्यांची सून आठवडाभर तापानं फणफणलेली, त्यामुळं त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला नको. आपण रोजचा दोर वळतो तो उजव्या पिळाचा. उलटं काही केलं की ते मयताचं, नाहीतर करणीचं. युकीच्या माहेरी मात्र देवाचा दोर मुद्दाम डाव्या पिळाचा वळतात, रोजच्या दोरापेक्षा तो वेगळा कळावा म्हणून. हे आम्हाला कुठलं ठाऊक! तासाभरात निम्मं गाव राईच्या कडेला. कुणी म्हणतंय कापा, कुणी म्हणतंय हात लावू नका. आणि युकी पुढं येऊन म्हणाली, “मी बांधला.” भावजी घोडेगावात होते, तिथं ते नवीन गॅरेज टाकत होते. आमचे हे शेतावर. मी तिचा हात धरून उभी राहिले.

आत्याबाई काठी टेकत वर आल्या. गर्दीतून सरळ झाडापाशी गेल्या, दोर चाचपून बघितला, पीळ बघितला. मग सगळ्यांसमोर युकीला म्हणाल्या, “कशापाय बांधला गं?” युकी रडत होती, पण बोलली नीट. “इथं देव हाय. बाहेरच्या माणसाला कळावं. कुणी कुऱ्हाड घेऊन येऊ नये.” आत्याबाई शांताकाकूंकडं वळल्या. “आन् आपुण शेंदूर कशापाय लावतो गं शांते? त्येच्यासाठीच ना?” मग कमरेचा बटवा काढला, त्यातली हळद-कुंकवाची पुडी सोडली आणि दोराला बोट लावलं. “माझ्या सुनंनं बांधलाय. आता दर साली बांधला जाईल. ज्याला कापायचाय त्यानं आधी माझ्याकडं यावं.” कोण येतंय! शांताकाकूंची सून दोन दिवसांनी बरी झाली, तालुक्याच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी. पण काकू आजही दोराचं नाव निघालं की कान धरतात.

त्यानंतर दर वर्षी भात झोडून झालं की अंगणात त्या दोघी समोरासमोर बसून दोर वळायच्या. आत्याबाईंचा हात काही डाव्या पिळाला वळायचा नाही. जन्मभर उजवा वळलेला, तो आपला तिकडंच जायचा, आणि मध्येच दोर उकलायचा. युकी म्हणायची, “आत्याबाई, उलटं!” आत्याबाई म्हणायच्या, “तुझ्या देवाला सांग, म्हातारीचा हात सुलटाच हाय!” त्यांचं हे चालू असताना मी वह्या तपासत बसायची. आतून सुखी वाटायचं, उगीच खोटं कशाला बोलू. युकीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत, ते ह्याच वर्षांत. दुसऱ्या वेळी ती दवाखान्यातून आली तेव्हा आत्याबाईंनी फक्त पेंढा भिजवून तिच्यापुढं आणून ठेवला. दोघी दिवसभर वळत बसल्या. एवढा लांब दोर झाला की तो झाडाला तीन वेढे बसला.

दोन हजार सालाच्या आगेमागे आत्याबाई गेल्या. झोपेतच. आमच्याकडं सुतकात देवाला हात लावत नाहीत, देवपूजा बंद. मी देव्हाऱ्यावरचा दिवा काढत होते, तर युकी फळीवरचं पाणी, तांदूळ, मीठ खाली उतरवत होती. आणि मग ती फळीपुढं उभी राहून तिच्या भाषेत हळूहळू काहीतरी बोलली. “काय सांगितलंस?” म्हटलं. म्हणाली, “आधी देवांना सांगायचं, घरातलं कोण गेलं ते. मग दार लावायचं. मग पांढरा कागद.” तो कागद घरच्यांनी लावायचा नाही, आपल्याला मरण शिवलेलं. म्हणून तिनं शांताकाकूंना हाक मारली. काकूंनी भाताच्या खळीनं त्या इवल्या दारांवर कागद चिकटवला. आम्ही दोघी खालून बघत होतो. आमच्यात दहा दिवस, त्यांच्यात पन्नास. तोवर फळीकडं बघायचं नाही, टाळी नाही. मला एकदम तिची भाषा कळल्यासारखं झालं बघा. इतकी वर्षं आम्ही दोघी जावा एका घरात, पण खऱ्या अर्थानं जावा झालो त्या दिवशी.

आत्याबाईंच्या फोटोपुढं ती रोज उभी राहायची. दोनदा वाकायची, दोन्ही हात समोरासमोर आणायची, आणि टाळी वाजायच्या जरासं आधी थांबायची. आवाज नाही. मी विचारलं. “पन्नास दिवस अशीच टाळी. आवाज न करता. मग नंतर वाजवायची.” पन्नास दिवस झाल्यावर तिनं कागद काढला, पाणी ठेवलं, आणि टाळ्या वाजल्या. किती दिवसांनी घरात तो आवाज! स्वयंपाकघरात भावजींनी पातेलं ठेवल्याचं मला ऐकू आलं, आणि वाटलं, चला, आता घर पुन्हा सुरू झालं.

पण युकी तशीच फळीखाली उभी. काढलेला कागद घडी घालत होती. म्हणाली, “ताई, माझ्या वेळी लावणारे मिळतील. काढणार कोण?” मी म्हटलं, काय बोलतेस. तर म्हणाली, “आमच्यात मुलगा काढतो, सून काढते. मला कुणी न्हाई. कागद लावला की कुणाच्या ध्यानात राहणार? देव आतच राहतील, अंधारात. बाबांनी किती लांबून पाठवलेत...” ती रडत नव्हती, तेच जास्त लागलं मला. मी तिच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. चिडलेच मी. “गप गं! माझ्या आधी जाणार व्हय तू? मी आधी जाईन, आणि तूच लाव नि तूच काढ काय ते!” ती ऐकेना. माझा हात धरून बसली. शेवटी म्हटलं, “बरं बाई, काढीन. मी काढीन. झालं?” तेव्हा सोडला हात.

मध्ये सात-आठ वर्षं गेली. आम्ही पुढच्या खोलीवर स्लॅब टाकून वर एक खोली बांधली, तर ही अस्वस्थ. देवाच्या डोक्यावर कुणाचा पाय नको. मग तिनं एका कागदावर तिच्या लिपीत ‘ढग’ असं लिहिलं आणि फळीच्या बरोब्बर वर छताला चिकटवलं. म्हणजे देवांना वाटावं, वर आभाळच आहे. आमच्या ह्यांनी विचारलं, “देवाला फसवतीस होय?” म्हणाली, “न्हाई दादा, विनंती करते.” अशी होती ती. कुणाला दुखवायचं नाही, झाडाला नाही, देवाला नाही, वरच्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या पोरांनाही नाही.

मग तिचं पोट दुखायला लागलं. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी भावजींना बाजूला घेतलं. पुढचं मला लिहवत नाही. शेवटचं भेटले तेव्हा ती उशीएवढीच उरली होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, “आज पाणी बदललं?” बदललं, म्हटलं. खरंच बदललं होतं, तिच्यामागं ते मीच करत होते. मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढं केले. मला काही समजेना. नर्स म्हणाली, तहान लागली असेल. तहान नव्हती. मी पेला घेतला, आधी तिच्या डाव्या हातावर पाणी घातलं, मग उजव्या, मग ओठांना लावलं. खाली भांडं धरायचं सुचलं नाही, चादर सगळी ओली झाली आणि नर्सनं मला चांगलं झापलं. युकी हसली. “ओनेसान... न्हाई, ताई,” म्हणाली. तिच्या बोलण्यात आताशा दोन्ही भाषा एकमेकींत मिसळायच्या. मग एकदम स्वच्छ बोलली, “कागद काढा हं. विसरू नका.” मी म्हटलं, “तूच काढशील घरी येऊन, कुणाचा लावायचाय एवढा?” ...काय पण बोलले मी. पण दुसरं बोलणार तरी काय होते?

तर त्या फोननंतर मी हात धुतले. शांताकाकूंना हाक मारली. काकू आता पार वाकलेल्या, त्यांना स्टुलावर चढता येईना, म्हणून खाट ओढून त्यावर चढवलं. पाणी, तांदूळ, मीठ मी उतरवलं. मग आठवलं, आधी देवांना सांगायचंय. घरातलं कोण गेलं ते. काकूंना म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही बाहेरच्या. काकूंनी तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. “म्या करणी म्हनले व्हते गं तिच्या दोराला...” म्हणून रडायलाच बसल्या. मग मीच सांगितलं. कुठल्या भाषेत सांगायचं तेही कळेना. “देवांनो, युकी गेली.” घरात कुणाला सांगितलं नव्हतं अजून, ह्यांना नाही, पोरांना नाही. पहिल्यांदा बोलले ते त्या फळीपुढं. काकूंनी दारं लावली आणि कागद चिकटवला.

घोड नदीच्या काठावर तिला निरोप दिला. दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं हात जोडून काय काय कबूल करायला लागली, झाडाला दर साली दोर बांधू, तिच्या जपानातल्या भावाला फोन करत राहू. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईना. मी भावजींकडं बघत होते. मला ठाऊक होतं तिला काय हवंय, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. मीच शेवटी मोठ्यानं म्हटलं, “युकी, कागद काढू बाई, काळजी करू नको.” भावजी खाली मान घालून बसले. होय म्हणाले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर ते म्हणाले, “वहिनी, तो कागद राहू द्या.” मला वाटलं, पन्नास दिवसांपुरतं म्हणतायत. पण नाही. “कायमचा राहू द्या. कागद हाय तवर ती आत्ताच गेली असं वाटतंय. काढला म्हंजी संपलं.” लोक तर आणखी पुढं. मागं करणारं कुणी नाही तर ते देव नदीत सोडा, असं दोघा-तिघांनी सांगून पाहिलं. मी त्यांना वाटेला लावलं. पण भावजींना कसं वाटेला लावणार? सकाळी ते उठायचे आणि स्वयंपाकघरात न जाता सरळ गॅरेजला जायचे. चहा सोडलाच. मी केलेला पुढं ठेवला तर नको म्हणायचे. मी तिच्या फोटोपुढं रोज उभी राहायची, वाकायची, आवाज न करता हात जवळ आणायची. घर असं मुकं झालेलं. माझी पोरंसुद्धा हळू बोलायला लागली होती. संताप यायचा मला. कुणाचा ते कळत नव्हतं. तिचाच यायचा बहुतेक... मी मोठी, मी आधी जायचं ठरलेलं.

पन्नास दिवस भरायच्या आदल्या संध्याकाळी मी भावजींना स्पष्टच सांगितलं, “उद्या काढणार आहे मी कागद.” ते म्हणाले, “वहिनी, पाया पडतो.” मी म्हटलं, “पडा खुशाल. तुमच्यासाठी लावला नव्हता आणि तुमच्यासाठी काढत नाही. तिनं माझा हात धरून कबूल करून घेतलंय. तिचे देव अंधारात बसलेत.” ते उठून बाहेर गेले. रडत असणार. मीही रडले, पण दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडत रडले.

सकाळी आंघोळ केली. डावा हात धुतला, उजवा, चूळ भरली. जांभळीची डहाळी आणली. खळ वाळून कडक झालेली, ओलं फडकं लावून लावून कागद सोडवावा लागला. इवली दारं उघडली. आत ती कागदात गुंडाळलेली पट्टी तशीच, जरा धूळ बसलेली, आणि लाकडाचा वास... सुताराला परत रंधा मारायला लावला होता तो वास. पाणी ठेवलं, तांदूळ ठेवले, मीठ ठेवलं. वर छताला तिचा ढग. दोनदा वाकले. हात समोर आणले आणि सवयीनं तिथंच थांबले. इतके दिवस न वाजवायची सवय झालेली. मग दात आवळून वाजवली. एक. दुसरी. माझा हात तिच्यासारखा नाही, पण वाजली. घरभर वाजली.

आणि स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. मग पातेलं ठेवल्याचा. मी हलले नाही. थोड्या वेळानं आधण उकळल्याचं ऐकू आलं, आणि मग एकदम काहीच नाही. मागं वळून पाहिलं तर भावजी दारात उभे. दोन्ही हातांत दोन कप. एक दुधाचा, एक कोरा. त्यांचं लक्ष त्या कोऱ्या कपाकडं. “टाळी ऐकली आन्...” म्हणाले. चहा सांडायला लागला. मी पुढं होऊन तो कोरा कप त्यांच्या हातातून घेतला आणि तिथंच फळीखाली बसून प्यायले. ते शेजारी बसून त्यांचा प्यायले. कागदाची मी घडी घालून ठेवली.

आता रोज सकाळी मी पाणी बदलते, मीठ ठेवते, दोन टाळ्या वाजवते. आत चहा चढतो. भावजी दोन कप घेऊन येतात आणि कोरा माझ्यापुढं ठेवतात. मला दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा लागतो, हे ह्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना ठाऊक आहे. मी तो कोराच पिते.